राउतियो यांच्या गाडीला परवानगीशिवाय बसवलेल्या चार टायरांबाबत

मी, टेल्लेर्वो कुर्त्ती, वय ५७ वर्षे, धंदा टायरचे दुकान, राहणार होंकावारा, लॅपलंड, दुकानाच्याच वरच्या मजल्यावर. आज दिनांक ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी बोलावल्यावरून पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की,

वरील ठिकाणी मी एकटी राहते. दुकान माझ्या वडिलांनी सुरू केले. गेली बावीस वर्षे ते मी चालवते. माझ्याकडे यालमारी नावाचे एक कारागीर आहेत, वय ६१. टायर काढणे, बसवणे, तोल बघणे ही कामे ते करतात. गिऱ्हाईक, फोन, मागणी आणि शिव्या खाणे ही कामे माझ्याकडे आहेत. हिवाळी टायर बदलण्याची गर्दी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत असते. आजच्या तारखेला माझ्याकडे सत्तावीस गाड्यांची नोंद आहे आणि मी येथे बसले आहे, हेही लिहून घ्यावे.

तक्रारदार ओइवा राउतियो, वय ७९, यांना मी लहानपणापासून ओळखते. ते जलविद्युत केंद्रातून निवृत्त झाले आहेत. त्यांची पत्नी इर्या राउतियो, वय ७७, या एकतीस वर्षे फिरत्या वाचनालयाची बस चालवत होत्या. घरची गाडीही बहुतेक त्याच चालवत. टायरसाठी माझ्या दुकानात नेहमी इर्याच यायच्या. ओइवा बरोबर आले तर कॉफीच्या टेबलावर बसून वेलदोड्याचा पाव खायचे आणि त्यांचे झाले की निघायचे.

राउतियो यांचे जुने हिवाळी टायर माझ्याकडे सांभाळायला ठेवलेले होते. त्यांचे रबर कडक झाले होते. मे महिन्यात मी ते इर्या यांना दाखवले. त्यांनी बघितले आणि ‘फेकून दे, शरदात नवीन घेऊ’ असे सांगितले. त्याप्रमाणे मी ते भंगारात दिले. त्यामुळे या हिवाळ्यासाठी त्यांच्याकडे काहीही शिल्लक नव्हते.

दिनांक ५ सप्टेंबर रोजी इर्या यांना मेंदूचा झटका आला. त्यांना १२८ किलोमीटरवरच्या मोठ्या शहरातील रुग्णालयात नेण्यात आले, एवढे मला गावातून समजले होते. प्रकृतीचा तपशील मला माहीत नव्हता आणि मी विचारला नाही. आमच्याकडे असे विचारत नाहीत.

ओइवा माझ्या दुकानात पहिल्यांदा एकटे आले ते सोमवार दिनांक २३ सप्टेंबर रोजी. त्यांनी खिळ्यांचे टायर आणि बिनखिळ्यांचे टायर यांतला फरक विचारला. मी सांगितले. खिळ्यांचे टायर ओल्या, गुळगुळीत बर्फावर धरून ठेवतात, पण कोरड्या रस्त्यावर आवाज करतात. बिनखिळ्यांचे शांत चालतात, कडक थंडीतल्या कोरड्या बर्फावर चांगले, पण शून्याच्या आसपासच्या निसरड्यावर मी त्यांच्या भरवशावर राहणार नाही. ते सगळे त्यांनी एका कागदावर पेन्सिलने लिहून घेतले. मग दोन्ही प्रकारांची माहितीपत्रके घेतली आणि गेले. यात माझी वीस मिनिटे गेली. तेव्हा गर्दी नव्हती, म्हणून मी काही बोलले नाही.

दिनांक ३० सप्टेंबर रोजी येऊन त्यांनी खिळ्यांचे हवेत असे सांगितले. मी मागणी लिहिली. दुसऱ्या दिवशी फोन करून त्यांनी ती रद्द केली. दिनांक ७ ऑक्टोबर रोजी बिनखिळ्यांचे हवेत म्हणाले. मी पुन्हा मागणी लिहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा रद्द. दिनांक १४ रोजी परत खिळ्यांचे, पण दुसऱ्या कंपनीचे. त्या वेळी पुरवठादाराने मला फोनवर विचारले की तुमच्याकडे हिशेबाला नवीन माणूस ठेवला आहे का. ही मागणीही दुसऱ्या दिवशी रद्द झाली.

दिनांक २२ रोजी ते आले तेव्हा काउंटरवर नऊ माणसे उभी होती. ते रांगेत उभे राहिले, त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी खिशातून फोन काढला आणि मांडणीवरच्या टायरांचे फोटो काढू लागले. एकेका टायरचे चार चार फोटो. मी त्यांना सांगितले की ओइवा, आधी ठरवा आणि मग या. ते म्हणाले, “मी ठरवत नाही.”

ठरवत नाही तर येता कशाला, असे मी सगळ्यांसमोर बोलले. ते बरे झाले नाही. पण ते ठरवत नाहीत तर कोण ठरवते, हे मी त्यांना विचारले नाही. मला वाटले, म्हातारपणी माणूस असे चाळे करतो. शेवटी मीच त्यांच्या नावावर मंगळवार दिनांक २९ ऑक्टोबर, सकाळी ८ची वेळ लिहिली आणि सांगितले की त्या दिवशी जे ठरले असेल ते बसवू, नाहीतर मी निवडीन. त्यावर ते काही म्हणाले नाहीत. त्यांनी मान हलवली होती की नाही याबद्दल मला आता खात्रीने सांगता येणार नाही. हे महत्त्वाचे आहे असे आपण म्हणता म्हणून सांगते.

या वर्षी ऑक्टोबरभर रस्ते कोरडे राहिले. दिनांक २९ रोजी पहाटे पाऊस पडला आणि पडता पडता गोठला. सकाळी सहा वाजता मी कचरा टाकायला बाहेर गेले तेव्हा पायरीवरून कठड्याला धरून उतरावे लागले. साडेसात वाजता दुकान उघडले तेव्हा रांग रस्त्यापर्यंत गेली होती. बर्फ पडल्यावर टायरची आठवण होणारी हीच माणसे दरवर्षी असतात. त्यांच्याबद्दल माझे मत मी येथे देत नाही.

ओइवा ७ वाजून ४० मिनिटांनी आले. गाडीला उन्हाळी टायर होते. घरापासून दुकानापर्यंत चार किलोमीटर त्यांनी ती कशी आणली हे मला माहीत नाही. मागचा दिवा फुटलेला होता आणि उजव्या बाजूला कुंपणाचा हिरवा रंग लागलेला होता. त्यांनी किल्ली स्वतःच्या हाताने काउंटरवर ठेवली. मी विचारले, कोणते ठरले. ते म्हणाले की अजून ठरलेले नाही, मला एक खिळ्यांचा आणि एक बिनखिळ्यांचा असे दोन टायर मागच्या डिकीत टाकून दे, संध्याकाळी परत आणतो.

मी कारण विचारले. त्यांनी ‘दाखवायचे आहेत’ एवढेच सांगितले. बारा वाजता रुग्णालयात डॉक्टरांची बैठक आहे, त्याआधी पोचायचे आहे, असेही म्हणाले. मी म्हणाले की टायर न्या, दोन काय चार न्या, पण गाडीला हिवाळी टायर बसवल्याशिवाय नाही. ते म्हणाले की बसवायला वेळ आहे, आधी ठरू दे. माझ्यामागे फोन वाजत होता. रांगेतला एक माणूस त्याच्या व्हॅनबद्दल तिसऱ्यांदा विचारत होता.

मी किल्ली उचलली आणि माझ्या कामाच्या कपड्याच्या खिशात घातली. चेन ओढली.

“ओइवा, या चाकांवर तुम्ही माझ्या आवाराबाहेर जाणार नाही,” असे मी त्यांना सांगितले.

“किल्ली दे.”

“देणार नाही.”

“तुझ्या बापानं असं केलं नसतं.”

“माझ्या बापानं तुम्हाला पहिल्याच दिवशी हाकलून दिलं असतं,” असे मी म्हणाले. हे खरे नाही. माझ्या वडिलांनी त्यांना कॉफी पाजली असती. त्यांनी किल्ली एकूण तीन वेळा मागितली आणि मी तीनही वेळा नाही म्हटले. त्यानंतर ते कॉफीच्या टेबलावर जाऊन बसले. टोपी काढली नाही.

मी मागे कारखान्यात जाऊन यालमारी यांना राउतियो यांची गाडी वर घ्यायला आणि खिळ्यांचे टायर बसवायला सांगितले. त्या मापाचा एकच संच दुकानात होता. यालमारी यांनी विचारले, “त्यांनी सांगितलं का?” मी म्हणाले, “मी सांगतेय.” हे मी मुद्दाम नमूद करते, कारण यालमारी यांचा यात काही दोष नाही. त्यांनी मला दोनदा विचारले होते.

कॉफीच्या टेबलावरून काचेतून कारखाना दिसतो. ओइवा यांनी आपली गाडी वर चढलेली पाहिली. ते उठले नाहीत. त्यांनी फोन काढला आणि आपल्या ठाण्याला लावला. वेळ ८ वाजून ३५ मिनिटे. दुकानात त्या वेळी अकरा गिऱ्हाइके होती. ओइवा यांना कमी ऐकू येते, त्यामुळे ते फोनवर मोठ्याने बोलतात. ते म्हणाले, “माझ्या गाडीला माझ्या परवानगीशिवाय टायर बसवले जात आहेत.” पलीकडून बहुतेक पुन्हा विचारले असावे. त्यांनी तेच वाक्य आणखी दोनदा, त्याच शब्दांत सांगितले. नंतर स्वतःचे नाव अक्षरे सुटी करून सांगितले. त्यांना उत्तर मिळाले की सर्व गाड्या अपघातांवर गेलेल्या आहेत, तक्रार नोंदवून घेतली आहे. दुकानात कोणी हसले नाही. व्हॅनवाला माणूस बाहेर जाऊन उभा राहिला.

नऊ वाजता टायर बसवून झाले. मी किल्ली त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. त्यांनी ती घेतली नाही. ते म्हणाले, “हे मी निवडलेले नाहीत. हे मी चालवणार नाही.” आणि उठून रस्त्याच्या दिशेने चालू लागले. बसने जातो म्हणाले. सकाळची बस बर्फामुळे रद्द झाल्याचे रेडिओवर सांगितले होते. ते मला माहीत होते, त्यांना नव्हते. त्यांना आवाराच्या फाटकापर्यंत पोचायला सहा मिनिटे लागली, कारण खाली सगळे काचेसारखे झाले होते आणि ते पाय उचलत नव्हते, घसटत होते. मी दारातून बघत होते.

पुढे जे झाले त्याबद्दल तक्रारीत काही नाही. पण विचारले म्हणून सांगते.

मी मांडणीवरचा एक खिळ्यांचा आणि एक बिनखिळ्यांचा टायर उचलला, राउतियो यांच्या गाडीत टाकला, यालमारी यांना दुकान सांभाळायला सांगितले आणि गाडी घेऊन फाटकापाशी गेले. यालमारी यांनी काय उत्तर दिले ते येथे लिहिण्यासारखे नाही. मी ओइवा यांना सांगितले की तुम्ही चालवू नका, मी चालवते, बसा. ते म्हणाले, “गाडी माझी आहे.” मी म्हणाले, “टायर अजून माझेच आहेत, तुम्ही घेतलेले नाहीत. चला.” यावर त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि बसले.

गाडी मी पन्नासच्या वर नेली नाही. अंदाजे तिसाव्या किलोमीटरला एक गाडी उताराखाली झाडांत गेलेली होती आणि अग्निशमन दलाचे लोक दोर टाकत होते. त्यापुढे पुलाच्या आधी आणखी एक आडवी पडली होती. ओइवा यांनी दोन्हींकडे पाहिले. माझ्या बोलण्याचा तो पुरावा होता, पण मी तसे बोलून दाखवले नाही. साठ किलोमीटर झाल्यावर ते अचानक म्हणाले, “ती सगळ्याला हो म्हणते.”

मी विचारले, कोण.

“इर्या. तेवढा एकच शब्द राहिलाय. माहितीपत्रक दाखवलं, विचारलं खिळ्यांचे घेऊ? हो म्हणाली. म्हणून तुला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, नीट विचारावं. बिनखिळ्यांचे घेऊ? तर हो. मग मी विचारलं, आज रविवार आहे का? हो. मी ओइवा ना? हो. मी देशाचा राष्ट्राध्यक्ष ना? त्यालाही हो.”

ते हे रस्त्याकडे बघत सांगत होते. पुढे त्यांनी असे सांगितले की रुग्णालयातल्यांचे म्हणणे आहे, इर्या यांना काही समजत नाही. बारा वाजताच्या बैठकीत त्यांना कायमच्या शुश्रूषागृहात पाठवायचे ठरणार आहे. उपचार बंद होतील. ओइवा यांच्या मते त्यांना सगळे समजते, पण ते सिद्ध करता येत नाही. चित्राला त्या हो म्हणतात, फोटोला हो म्हणतात. हाताने चाचपून काय म्हणतील, हे बघायचे होते.

मी म्हणाले, हे सगळे पहिल्याच दिवशी सांगितले असते तर. ते म्हणाले, “तू विचारलं नाहीस.”

मी म्हणाले, मग निदान टायर तरी तुम्ही स्वतः निवडायचे होते, जीव धोक्यात घालून त्या चाकांवर फिरायची काय गरज होती. त्यावर ते म्हणाले, “सत्तेचाळीस वर्षं तिनं निवडले. मी निवडले, म्हणजे मग...” हे वाक्य त्यांनी पूर्ण केले नाही. मीही पुढे विचारले नाही.

रुग्णालयात आम्ही ११ वाजून ५० मिनिटांनी पोचलो. खिळ्यांचा टायर मी घेतला, बिनखिळ्यांचा त्यांनी. खाली कोणी अडवले नाही, बहुधा काय म्हणून अडवावे हे त्यांना सुचले नाही. चौथ्या मजल्यावर सिस्टरने अडवले. टायर वॉर्डात नेता येणार नाहीत म्हणाली. ओइवा म्हणाले, “धुतलेले आहेत.” ते धुतलेले नव्हते, पण नवीन होते. सिस्टर डॉक्टरांना बोलवायला गेली आणि आम्ही आत गेलो.

इर्या खिडकीजवळच्या पलंगावर बसवलेल्या होत्या. मी त्यांना मे महिन्यानंतर पहिल्यांदा पाहत होते. ओळखायला मला वेळ लागला. उजवा हात चादरीवर ठेवलेला होता तसाच होता. खोलीत एक डॉक्टर आणि बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. बाईंच्या हातात कागद होता. दोघांनी आधी आमच्याकडे आणि मग टायरांकडे बघितले. मी माझे नाव आणि धंदा सांगितला.

ओइवा यांनी टायर पलंगाशी उभा धरला आणि विचारले, “इर्या, हे खिळ्यांचे. हे घेऊ?” त्या हो म्हणाल्या. मग दुसरा धरला. “हे बिनखिळ्यांचे. हे घेऊ?” त्या हो म्हणाल्या. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिले. डॉक्टरांनी घड्याळ पाहिले. ओइवा तसेच टायर धरून उभे होते. त्यांच्या टोपीवरचे पाणी टायरवर पडत होते.

मग इर्या यांनी डाव्या हाताने चादरीवर थापटले. काय हवे ते कोणाला कळले नाही. पुन्हा थापटले. मी खिळ्यांचा टायर उचलून त्यांच्या मांडीवर आडवा ठेवला. सिस्टर आली होती, ती काही म्हणू लागली, डॉक्टरांनी तिला हाताने थांबवले. इर्या यांनी टायरवर हात फिरवला. खिळ्यांवरून नाही, टायरच्या सपाट बाजूवरून. अर्ध्यावर हात थांबला, कारण पुढे पोचत नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी टायर फिरवला. त्यांचा अंगठा एका ठिकाणी येऊन थांबला. तो त्यांनी तिथे दोनदा घासला, वाकून पाहिले आणि टायर ढकलून दिला.

“नाही,” त्या म्हणाल्या.

ओइवा यांनी विचारले, काय नाही, खिळे नकोत का. त्यांनी पुन्हा ढकलला. नाही. सिस्टर म्हणाली की टायर जड झाला असेल. बाई म्हणाल्या, तसेही असू शकेल.

त्यांनी काय वाचले, हे त्या खोलीत मला एकटीलाच कळले होते. प्रत्येक टायरच्या बाजूवर एका लांबट गोलात चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, नंतरचे दोन म्हणजे वर्ष. टायर कधी बनला ते त्यावरून कळते. गिऱ्हाइकांपैकी शंभरात दोघांना हे माहीत असते. त्या टायरवर ३४ आणि २० होते, म्हणजे तो चार वर्षांपूर्वीचा होता. न वापरलेला, नीट सावलीत ठेवलेला, पण चार वर्षांपूर्वीचा. धंद्यात असे चालते. तो लगेच धोक्याचा नसतो. पण गिऱ्हाइकाला सांगायला पाहिजे, आणि मी सांगत नाही. मी ते नवीन टायरांच्याच मांडणीत ठेवले होते. ओइवा यांच्या गाडीला त्या सकाळी बसवलेले चारही टायर त्याच खेपेतले होते.

मी साधारण एक मिनिट गप्प राहिले. हेही लिहावे. डॉक्टर दाराकडे वळले होते. मी गप्प राहिले असते तर कोणाला काही कळले नसते.

मग मी बोलले. आकडे दाखवले. ते काय आहेत ते सांगितले. बाईंनी वाकून आकडे वाचले आणि मला विचारले, “म्हणजे त्यांचं बरोबर आहे?”

“त्यांचं बरोबर आहे,” मी सांगितले. “चूक माझी आहे. त्या मला जुना माल परत करतायत.”

बाईंनी मला दुसरा टायर ठेवायला सांगितले. तो याच वर्षीचा होता. इर्या यांनी आधी आकडे शोधले, बघितले आणि होकारार्थी मान हलवली. मग नक्षीवरून बोट फिरवले, एकदा, दोनदा, आणि नाही म्हणाल्या. त्यानंतर पलंगाशी उभ्या केलेल्या पहिल्या टायरच्या खिळ्यांवर बोटाने टकटक करून हो म्हणाल्या. म्हणजे खिळ्यांचेच, पण ताजे. डॉक्टर परत आत येऊन खुर्चीवर बसले. वाचनालयाच्या बसमध्ये पुस्तक उशिरा परत केले की इर्या ज्या नजरेने बघायच्या, त्या नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी सात वर्षांची असताना ती नजर मला एकदा मिळालेली आहे.

ओइवा यांनी त्या वेळी काय केले असे आपण विचारता. ते टोपी काढून खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ बाहेर वाहनतळाकडे बघत उभे राहिले. तिथे बघण्यासारखे काही नव्हते.

बैठक साडेबारा वाजता झाली. मी बाहेर बाकावर दोन टायर घेऊन बसले होते. शुश्रूषागृहाचे त्या दिवशी ठरले नाही. इर्या यांना उपचारांच्या दुसऱ्या वॉर्डात हलवले आहे. ओइवा यांच्याकडून कळते की त्या आता लापशीला नाही म्हणतात, व्यायामाच्या बाईंना नाही म्हणतात आणि ओइवा यांच्या स्वेटरलाही नाही म्हणाल्या. ओइवा याबद्दल वैतागून बोलतात. ते दर दोन दिवसांनी दुकानात येऊन हे सांगतात, गर्दीच्या वेळी.

परतताना वाहनतळावर मी त्यांना सांगितले की बसवलेले टायर त्याच खेपेचे आहेत. ते प्रत्येक चाकाजवळ वाकले आणि आकडे शोधून वाचले. चारही. मग म्हणाले, “घरापर्यंत चालतील ना?” मी चालतील म्हणाले. गाडी मीच चालवली. दुसऱ्या दिवशी मी मांडणीवरचा सगळा जुना माल बाजूला काढला आणि त्यावर वर्ष लिहून ठेवले आहे. आपण येऊन पाहू शकता. नवीन टायर सोमवार दिनांक ४ नोव्हेंबर रोजी आले. ओइवा यांनी आधी आकड्यांचा फोटो काढला, रुग्णालयात नेला, परत आले आणि मग परवा मंगळवारी बसवून घेतले. फोटोला त्या काय म्हणाल्या ते मी विचारले. हो म्हणाल्या, आणि या वेळी तो हो वेगळा होता, असे त्यांचे म्हणणे आहे.

तक्रार त्यांनी मागे घेतलेली नाही. मी त्यांना परवा याबद्दल विचारले. ते म्हणाले, “खरं आहे ना ते? मग राहू दे.” त्याबद्दल माझी हरकत नाही. किल्ली मी परत दिली नाही हे खरे आहे. टायर त्यांच्या परवानगीशिवाय बसवले हे खरे आहे. ते जुने होते आणि मी ते सांगितले नव्हते, हे तक्रारीत नाही, ते मी स्वतःहून सांगत आहे.

पुन्हा तशी वेळ आली तर काय कराल, असे विचारले असता सांगते की किल्ली मी पुन्हा खिशात घालीन. टायर मात्र विचारल्याशिवाय बसवणार नाही. आणि विचारायचे कोणाला, ते आता मला माहीत आहे.

माझा हा जबाब यंत्रावर लिहून झाल्यावर मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. त्यात इर्या राउतियो यांचा उल्लेख दोन ठिकाणी ‘रुग्ण’ असा आला होता, तो माझ्या सांगण्यावरून खोडून त्यांचे नाव घातले आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच असून खरा आहे. वेळ सकाळी १० वाजून ५५ मिनिटे. सही करून मी दुकानात जात आहे.

टेल्लेर्वो कुर्त्ती